शांत चेहऱ्याचा पेशंट

माझा नवरा फार शांत माणूस आहे, असं आमच्या झोनचं मत झालं ते त्याला पॅरालिसिसचा झटका आल्यावर. त्याआधी हे कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. झोन म्हणजे पूनम सागर या आमच्या वसाहतीतल्या आजूबाजूच्या बिल्डिंगांतली कॅथलिक घरं. एकमेकांच्या सुखदुःखात धावून जायला सोपं पडावं म्हणून चर्चने त्यांचा गट पाडलाय. सुखात फारसं कुणी येत नाही, पण दुःखात मात्र चपला ठेवायला जागा उरत नाही.

हा माणूस आयुष्यभर भांडला. सोसायटीच्या मिटिंगला तो निघाला की सेक्रेटरीचा चेहरा पडायचा. टँकरचं पाणी कुठल्या विंगला किती गेलं, गेस्ट पार्किंगमध्ये तीच गाडी रोज कशी, गच्चीची चावी एकाच घरात का, असले प्रश्न तो मराठीत सुरू करायचा आणि आवाज चढला की हिंदीत शिरायचा. चर्चमध्येही तेच. पंखे बंद असताना त्यागावर प्रवचन देऊ नका, असं त्याने एकदा फादरना तोंडावर सांगितलं होतं. फादर हसले. लोकांनी मात्र माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याला घरून पढवून पाठवलं होतं.

पावसाळ्यात एका सकाळी दात घासताना तो खाली बसला तो बसलाच. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर स्पीच थेरपिस्ट मुलगी येऊ लागली. तिने मला स्वयंपाकघरात नेऊन स्पष्ट सांगितलं, "आंटी, आवाज शाबूत आहे. शब्द परत येऊ शकतात, पण अंकलना झगडावं लागेल. ते प्रयत्नच करत नाहीयेत. असेच पडून राहिले तर पुढे अवघड होईल." ती कप, कंगवा, गाय अशी चित्रं त्याच्यापुढे धरायची. तो चित्राकडे एकदा बघायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. ज्याने उभ्या सोसायटीला वठणीवर आणलं, तो गाईपुढे हरला होता. मला त्याची भीती वाटायची. तो मरेल याची नाही, तो असाच जगेल याची.

आणि नेमकं हेच बघायला लोक येऊ लागले.

"काय शांत चेहरा आहे!" झोनच्या लीडर आंटी पहिल्यांदा आल्या तेव्हा पलंगाशी हात जोडून म्हणाल्या. "ही देवाची शांती आहे हं. कुणालाही मिळत नाही." त्यांनी मोबाईल काढून त्याचा फोटो घेतला. मला विचारलं नाही. त्याला विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता, तो नाही म्हणू शकत नव्हता. संध्याकाळी तो फोटो झोनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झळकला. बाजूने पांढरं कबुतर, खाली गुलाब, आणि मजकूर होता, 'संकटातही मनःशांती'. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. ज्या सेक्रेटरीला त्याने सगळ्यांसमोर चोर म्हटलं होतं, त्यालाही कुणीतरी हा फोटो पाठवला. तो बिचारा वर येऊन माझ्या नवऱ्याला डोळे भरून बघून गेला. त्याला खरोखरच शांती मिळाली असावी.

मी एकदा आंटींना सांगितलं, "तो शांत नाहीये आंटी, तो खचलाय."

"तू स्वतः अस्वस्थ आहेस ना, म्हणून तुला तसं दिसतंय," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "प्रभूवर सोपव सगळं. भांडू नकोस त्याच्याशी."

मी भांडतच होते. मला तेवढंच येत होतं. श्रद्धा माझी आहे, ती कुठे गेली नव्हती. सकाळी कुकर लावताना मी देवाला अशा शब्दांत सुनवायचे की ग्रुपवर टाकलं असतं तर मला झोनमधून काढलं असतं. देवाने कधी तक्रार केली नाही. तक्रारी सगळ्या झोनकडून यायच्या. मी फार बोलते, मी माळ जपताना दाराकडे बघते, माझ्या चेहऱ्यावर शांती दिसत नाही. शेवटची तक्रार एका बाईने समोशाचा तिसरा तुकडा तोंडात टाकताना केली होती.

ऑक्टोबर लागला. रोझरीचा महिना. आमच्याकडे या महिन्यात मरियामातेची मूर्ती घरोघर फिरते. एका घरात एक दिवस मुक्काम, संध्याकाळी सगळ्यांनी जमून माळेची प्रार्थना, चहापाणी, मग मेणबत्त्या घेऊन गात गात मूर्ती पुढच्या घरी. गात गात म्हणजे लिफ्टमध्येही. आमच्या मजल्यावरचं गुजराती कुटुंब मूर्ती आली की दार उघडून चपला काढून उभं राहतं. त्यांच्या चेहऱ्यावर जो साधा भाव असतो तो मला आमच्या झोनमध्ये क्वचित दिसतो.

आमची पाळी आली त्या दिवशी उत्तनच्या कोळीवाड्यातून सासूबाई आल्या. माझे सासरे बोटीवर जायचे, सासूबाईंनी जन्मभर मासळी विकली. त्यांचा आवाज भरल्या बाजारासाठी घडलेला आहे, आमच्या हॉलमध्ये मावत नाही. त्या मुलाच्या उशाशी बसल्या. मूर्ती टेबलावर, भोवती झेंडू, शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या, आणि पलंग मुद्दाम हॉलमध्ये ओढलेला. आंटींचीच सूचना होती. पेशंट सगळ्यांना दिसायला हवा.

माळ झाली. मग आंटी बोलायला उभ्या राहिल्या. वादळात होडी हेलकावे खातेय, शिष्य घाबरलेत आणि प्रभू मात्र होडीत शांत झोपलाय, ही गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली. "असं झोपता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "वादळ येऊ दे, आपण शांत."

"तो झोपला तवा पानी कोन उपसत व्हता?" सासूबाई मला म्हणाल्या. त्यांच्या मते कुजबुजत. सगळ्या हॉलने ऐकलं.

मला हसू आलं आणि मग रागच आला. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय, आणि दर वेळी सांगणारा शिष्यांना भित्रे ठरवून मोकळा होतो. ते ओरडले म्हणून तर प्रभू उठला. आम्ही बुडतोय आणि तुला काहीच कसं वाटत नाही, असं त्यांनी त्याला चांगलं खडसावून विचारलं. आणि त्यानेही आधी वारा थांबवला, तुमची श्रद्धा कुठे गेली हे नंतर विचारलं. आमच्या झोनमध्ये वारा थांबवायला कुणी येत नाही, थेट प्रश्न विचारायलाच येतात.

आंटींचं संपलं नव्हतं. आता साक्ष, त्या म्हणाल्या. म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. "आपले ब्रदर बोलू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने मी सांगते." आणि त्यांनी सांगितलं. ब्रदरनी आपलं दुखणं देवाची इच्छा म्हणून स्वीकारलंय. त्यांची काही तक्रार नाही. त्यांना आता काही नको. ते तृप्त आहेत. मग पलंगावर वाकून, लहान मुलाला विचारतात त्या आवाजात, "हो ना ब्रदर? झाली ना मनाची शांती? नुसती मान हलवा."

त्याने मान हलवली नाही. त्याचा डावा हात चादरीवर आवळला गेला. चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, वाकडं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मला वाटलं दुसरा झटका आला. मी उठलेच.

"न्हाय!" तो म्हणाला.

म्हणाला कसला, ओरडला. फुटका, घोगरा आवाज, पण शब्द अख्खा. आणि तोही सोसायटीच्या मिटिंगमधला नाही, पूनम सागरमध्ये आल्यापासून त्याने जिभेवर येऊ न दिलेला, उत्तनच्या घरातला. आंटी मागे सरकल्या. तो पुन्हा म्हणाला, आणि या वेळी डावा हात पलंगावर आपटून, "न्हाय! न्हाय!"

हॉलमध्ये कुणी आलेलुया म्हटलं नाही. मुका माणूस बोलला तर आलेलुया म्हणायची पद्धत आहे, पण तो असं काही बोलेल अशी तयारी कुणाची नव्हती. एका बाईने छातीवर क्रूसाची खूण केली. आंटी स्वतःला सावरत म्हणाल्या, "मन अस्थिर झालंय त्यांचं. आपण त्यांच्या शांतीसाठी अजून एक माळ म्हणू या."

"नको," मी म्हटलं. "आंटी, हात जोडते, शांतीसाठी नको. समोसे गरम आहेत."

समोसे संपले. मूर्तीला घेऊन मंडळी पुढच्या घरी गेली, लिफ्टमधून त्यांचं गाणं खाली खाली जात राहिलं. मी रिकाम्या खुर्च्यांमध्ये उभी होते. पलंगाजवळ जायची हिंमत होत नव्हती. मघाशी जे ऐकलं ते एकदाच आलं असेल आणि परत येणार नसेल तर?

सासूबाईंना असली भीती ठाऊक नाही. त्यांनी त्याचा निर्जीव उजवा हात दोन्ही हातांत धरला, तोंडाशी तोंड नेलं आणि बाजारच्या आवाजात विचारलं, "पोरा, तू हायेस ना रं आत?"

त्याने आईकडे बघितलं. ओठ जुळेनात. जीभ एका बाजूला जात होती, लाळ गळत होती, घाम फुटला होता. मी मनात काय म्हणत होते ते प्रार्थनेच्या पुस्तकात बसणारं नाही. तो झगडत राहिला.

"हाय," तो म्हणाला.

मग तो रडायला लागला, सासूबाई गळा काढून रडल्या, मी जमिनीवर बसून हुंदके दिले, आणि आमच्या घरात शांत असं कुणीच उरलं नाही.