आडनावाचे पाहुणे

थेरगावात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतका आडनावावर जगलेला माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात सापडायचा नाही. ते आडनाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हीही तेच विचाराल, म्हणजे त्या लेखकांचे हे कोण? या आडनावाचे नामवंत लेखक मराठीत एक सोडून चांगले तीन-चार झाले. काकांनी त्यांतल्या एकाचीही ओळ वाचलेली नव्हती. चाकणच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळून ते निवृत्त झाले आणि काकू गेल्यापासून एकटेच असतात. पण कुणी तो प्रश्न विचारला की काका नुसते हसायचे, आणि आपल्या लोकांना तेवढं पुरतं. मराठी भाषा दिन आला, मंडळाचा गणपती आला की काकांना बोलावणं ठरलेलं. ते तासभर आधीच जाऊन बसत, समईची एक वात लावत, ‘वाचत राहा’ एवढं बोलत आणि शाल-श्रीफळ घेऊन परतत. शाल त्यांना, नारळ आम्हाला. आमच्या हिनं कित्येक महिने नारळ विकत आणला नाही. लोकांना फसवता राव, असं मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, “मी कुठं काय बोलतो? चार माणसांत बसायला मिळतं.”

गेल्या वर्षी कुरुळीच्या कामगारांनी भाषा दिन केला, तेव्हा मीही सोबत होतो. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं ऐनवेळी माईक काकांच्या हातात दिला आणि म्हणाली, भाषण नको, लेखक घरात कसे वागायचे तेवढं सांगा. आता पितळ उघडं पडणार, म्हणून मी खुर्चीत आक्रसून बसलो. काकांनी माईक तोंडाजवळ नेला.

“मी त्यांचा कुणी लागत नाही,” ते म्हणाले. “त्यांच्या घरचं मला माहीत नाही. माझ्या घरचं सांगितलं तर चालेल का?”

“व्हय काका, सांगा की,” मागून कुणीतरी म्हणालं.

मग काका काकूंबद्दल बोलत राहिले. हे सेकंड शिफ्टला निघाले की ती मुद्दाम डब्यात चटणी घालायची विसरे, म्हणजे यांना जिन्यावरून एकदा परत यावं लागे. रागावली की यांच्याशी अबोला आणि सगळी तक्रार तुळशीपाशी, पण यांना ऐकू जाईल अशा आवाजात. लोक हसत होते, चहा गार होत होता आणि कुणी उठत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून मला काकू त्या दिवशी कळल्या.

काका त्या लेखकांचे कुणी नाहीत, ही बातमी थेरगावात पोचायला कितीसा वेळ लागणार? बोलावणी थांबली. यंदा भाषा दिनाच्या संध्याकाळी मी सहज वर गेलो, तर काका शर्टाला इस्त्री करत होते. कुठं निघालात, विचारलं. कुठं नाही, म्हणाले. मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी चहा मागितला. त्यांनी इस्त्री बंद केली, तोच शर्ट घातला, दोन कप आणून ठेवले आणि माझ्यासमोर नीट बसले.

“त्या दिवशी वेळ संपला,” ते म्हणाले. “तिची एक गोष्ट सांगायची राहिलीच.”