डबीवरचा आकडा आणि इनामदार सर

इनामदार सरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी मला रंगेहाथ पकडलं तेव्हा.

शनिवार पेठेतल्या आमच्या शाळेत मी शिपाई म्हणून लागले आणि मला प्रयोगशाळेत टाकलं. शिक्षण सातवी. काम काय, तर भिंगं पुसायची, परीक्षानळ्या धुवायच्या आणि दहावीच्या मुलींना हळूच आकडे सांगायचे. हे तिसरं काम नेमून दिलेलं नव्हतं, पण बहुतेक शाळांत प्रयोगशाळेतल्या मावश्या ते करतात. वाचणाऱ्यांनी उगाच साळसूद चेहरा करू नये.

त्या दिवशी भिंगाचा प्रयोग होता. भिंगापासून किती लांब कागद धरला की समोरच्या इमारतीवरची टाकी त्यावर स्पष्ट उमटते, ते अंतर मोजायचं. एक मुलगी घोळ घालत होती. मला वेळ नव्हता. म्हटलं, "अगं, वीस सेंटिमीटर लिही आणि मोकळी हो."

सर मागेच उभे होते. "सुनंदाबाई, आपण मोजलंत?"

"मी कशाला मोजू? भिंगाच्या डबीवर लिहिलंय."

"डबीवर कोणी लिहिलं?"

"कंपनीने."

"मग आज आपण मोजा. आम्ही बघतो."

सगळ्या वर्गासमोर मी मोजलं. साडेअठरा आलं. परत मोजलं. साडेअठराच. मुली हसायला लागल्या, पण सर हसले नाहीत. ते म्हणाले, "जड वस्तू आधी पडते असं एका फार मोठ्या माणसाने लिहून ठेवलं होतं. शेकडो वर्षं लोक तेच शिकवत राहिले. कारण काय? डबीवर लिहिलंय."

सर शास्त्र असं शिकवायचे. कोण काय म्हणालं, का म्हणालं, कुठे चुकलं आणि ती चूक कळली कशी. पुस्तकातलं उत्तर सगळ्यात शेवटी यायचं. इटलीतल्या एका जुन्या शास्त्रज्ञाकडे नीट घड्याळ नव्हतं, म्हणून त्यांनी भांड्याच्या भोकातून पडलेलं पाणी तोलून वेळ मोजला. सरांनी तेच वर्गात करून घेतलं. उतरत्या फळीवरून गोटी सोडायची आणि माझ्या स्टीलच्या बरणीच्या बुडाला पाडलेल्या भोकावर बोट धरायचं. एक मुलगी कुरकुरली, "सर, माझं पाणी जास्तच आलं. माझी गोटी म्हातारी आहे."

"गोटी नाही, तुझं बोट भोकावर उशिरा बसलं."

"मग त्यांचं नसेल का बसलं?"

सरांचा चेहरा असा फुलला की जणू पोरगी बोर्डात आली. "बसलं असणार! म्हणून तर त्यांना पुन्हा पुन्हा करावं लागलं."

आता जे लिहिते, ते लिहू नये म्हणून सरांच्या सत्काराचा अंक काढणाऱ्या शाळेच्या समितीतल्या बाईंचा फोन आला होता. "मावशी, चार गोड शब्द लिहा हं." गोड हवं असेल तर समारंभाला जिलबी आहेच.

डबीत साडेअठराचं भिंग कसं आलं? मी आणलं. मूळचं भिंग धुताना माझ्या हातून फुटलं होतं. नोकरी तेव्हा कायम नव्हती. घाबरून मी पेठेतल्या दुकानातून तसंच दिसणारं भिंग आणलं आणि त्याच डबीत ठेवलं. वर्गात मोजलं त्याच दिवशी, तास सुटल्यावर मी हे सरांना सांगितलं. सरांनी डबीवरच्या छापील विसावर एक रेघ मारली, खाली पेनने लिहिलं, "मोजून साडेअठरा", आणि म्हणाले, "आता डबी खरं बोलते." तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी पेनने लिहिलेलं सोडून डबीवरचा छापील आकडाच धरला. ज्या मुलींनी मोजून साडेअठरा लिहिलं त्यांचे गुण कापले. कुणीतरी कानात सांगितलेलं वीस लिहिणाऱ्यांना पूर्ण गुण. झालं. पालक आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत मी चहा घेऊन गेले होते, सरांनी मला भिंगही आणायला सांगितलं होतं.

एका मुलीचे वडील म्हणाले, "सर, तुमचा इतिहास तुमच्यापाशी ठेवा. आमच्या मुलीला मार्क हवेत. चुकलेल्या लोकांच्या गोष्टी ऐकायला पाठवत नाही आम्ही तिला."

मुख्याध्यापक म्हणाले, "कंपनीचा आकडा खोटा आणि तुमचा खरा?"

सर शांतपणे म्हणाले, "मोजून बघू या का? खिडकी समोर आहे. पाच मिनिटं लागतील."

भिंग माझ्या हातात होतं. त्या खोलीत चांगले शिकलेले सहा-सात जण होते. एकानेही हात पुढे केला नाही. चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

भिंग बदललेलं आहे, एवढं सांगितलं असतं तर सर तिथल्या तिथे सुटले असते. त्यांनी सांगितलं नाही, कारण माझी नोकरी गेली असती. आणि मी? मी रिकामे कप गोळा करत राहिले. जूनमध्ये सरांची दहावी काढून घेतली आणि पाचवी दिली. "अभ्यासक्रमाबाहेरचे व चुकीचे शिकवतात" असं पत्र त्यांच्या फाइलला लागलं. निवृत्तीपर्यंतची चार वर्षं सरांनी पाचवीलाही तितक्याच मनापासून शिकवलं. ज्यांनी पत्रावर सही केली, तेच आज या समितीचे अध्यक्ष आहेत, आणि प्रवेशद्वारावर फलक आहे, "कृतीतून विज्ञान". वाचलं की माझं डोकं फिरतं.

मला राग सरांचाही येतो. गेल्या महिन्यात कर्वेनगरला त्यांच्या घरी जाऊन तोंडावर सांगितलं, "सर, आपण गप्प बसलात ते मला आवडलेलं नाही. ते पत्र फाडायला लावते मी."

"फाडू नका," सर म्हणाले. "पुढे कुणी फाइल उघडली तर त्या काळी शाळेला काय बरोबर वाटत होतं, ते त्यांना कळायला हवं."

"आणि आपलं नुकसान?"

"सुनंदाबाई, लोक निकालाला घाबरलेले होते. घाबरलेला माणूस मोजत नाही."

हे मला पटत नाही. घाबरलेली तर मी होते. ते नुसते आळशी होते. पण सरांचा शब्द मोडत नाही, पत्र राहू दे. त्याच्या शेजारी माझा हा लेख लावा. भिंग मी फोडलं, बदललं आणि गप्प बसले, हे माझ्या नावानिशी छापा. आता मेमो द्यायचा असेल तर मला द्या.

निघताना मी विचारलं, "सर, पुन्हा दहावी दिली तर घ्याल?"

सरांनी चष्मा लावला. "कुठला धडा चालू आहे?"

म्हणून सांगते. सरांना शंभर वर्षं आयुष्य मिळो, नजर आणि आवाज असाच राहो, हे तर मी रोज मागते. शाळेला शाल द्यायची असेल तर द्यावी, सर नम्रपणे घेतील. पण आठवड्यातून एक तास दहावी त्यांना परत द्या. सरांचे गुडघे दुखतात आणि दहावी दुसऱ्या मजल्यावर बसते. सर जिने चढणार नाहीत. दहावीला खाली आणा.