पहिला खिळा

मला सातवा महिना लागला आणि आम्ही जुळे सोलापूर भागातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. सामान लावायला घेतलं, तोच वळसंगहून सासूबाईंचा फोन. "पोटुशी बाई घरात असताना भितीला खिळा ठोकू नगा. लेकरू भैरं हुतंय."

नवरा कॉलेजात विज्ञान शिकवतो. तरी त्यानं मुकाट्यानं हातोडी शेजारच्यांना देऊन टाकली. मग घड्याळ फ्रिजवर, आरसा खुर्चीत आणि धुतलेले शर्ट दारांवर. स्वतःच्या घरात असं पाहुण्यासारखं राहणं मला काही झेपेना.

पुढच्या आठवड्यात सासूबाई कडक भाकरी घेऊन आल्या. पिशवी धरून सगळ्या खोल्या फिरल्या आणि म्हणाल्या, "ही कुटं अडकवू गं?"

"कुठंच नाही. एकाही भिंतीला खिळा नाही घरात," मी म्हणाले. माझं डोकं फिरलं होतं. ड्रॉवरमधून खिळा काढला, शेंगाचटणी कुटायचा बत्ता उचलला, आणि नवरा "अगं, अगं" करेपर्यंत पहिला ठोका घातला.

पोटात अशी सणसणीत लाथ बसली की मी भिंतीलाच टेकले. दोघंही धावले. मी सासूबाईंचा हात ओढून पोटावर ठेवला आणि पुन्हा ठोकलं. आतून पुन्हा लाथ.

"आई, बघा. ऐकू येतंय की व्यवस्थित."

त्यांनी पोटावरचा हात काढला नाही.

"हान," त्या हळूच म्हणाल्या, "अजून एक हान की."