नव्या सायकलचं ढिलं चाक

मी मंडईत लिंबं-मिरच्या विकतो. लहानपणी मला शाळेत घातलं होतं, पण आमचं दोघांचं काही पटलं नाही. त्यामुळं मला शहाणा कुणी म्हणत नाही, ते काम माझं मलाच करावं लागतं.

बायको चार घरी स्वयंपाक करते. त्यातलं एक घर पेठेतून खडकीला गेलं, तिथल्या साहेबांना फॅक्टरीची क्वार्टर मिळाली म्हणून. त्या घरच्या वहिनींचं आणि हिचं फार जमायचं. जाताना वहिनी म्हणाल्या, "सोमवारपासून सातला येता आलं तर या ताई. डबे वेळेत गेले पाहिजेत. नाहीतर मला तिकडचीच कुणी बघावी लागेल."

दोन बस बदलून सातला पोचणं जमणार नव्हतं, आणि हिला ते घर सोडायचं नव्हतं. माहेरी भावाची सायकल पळवायची, ते आठवून म्हणाली, "अहो, सायकल घेऊ."

शनिवारी मी नवीकोरी सायकल घेऊन आलो. गल्लीच्या तोंडाशी सायकलवाल्या मामांचं दुकान आहे. त्यांनी मला थांबवलं, चाकातल्या तारांवरून, म्हणजे स्पोकवरून, बोट फिरवलं. एक तार टण्ण वाजली, शेजारची थप्प.

"चाकं बांधून घ्या," मामा म्हणाले.

"मामा, कोरी आहे हो."

"म्हणूनच सांगतोय. कारखान्यात मशीन तारा ओवतं आणि चाक पुढं ढकलतं. सारखा ताण द्यायला तिथं कुणी बसत नाही."

"नवरीला काय वरातीतून थेट दवाखान्यात न्यायची?"

"नका नेऊ. नाचवा."

मी नाचवली. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, धंद्यातली निवडक लिंबू-मिरची हँडलला बांधली. सीटवरचं प्लास्टिक हिला काढू दिलं नाही, सीट खराब होईल म्हणून. त्या प्लास्टिकवरून ही दोनदा घसरली. मी म्हणालो, "सवय होईल."

रविवारी सकाळी ही सरावाला नदीच्या पुलापर्यंत जाऊन आली. येताना मागचं चाक प्रत्येक फेरीला ब्रेकला घासत होतं आणि एक तार तुटून लोंबत होती.

"अहो, चाक डुलतंय."

"नवीन आहे. रुळेल."

दुपारी ही कामाला गेल्यावर मी पक्कड काढली. खाटेची नवार ढिली पडली की ओढतो ना आपण, तसंच हे असणार, असा माझा हिशोब. ढिली दिसेल ती तार आवळली. चाक डावीकडं गेलं. मग उजवीकडच्या आवळल्या, ते उजवीकडं गेलं. मलाही जोर चढला. तासाभरात चाकाचा पापड झाला, तोही कढईतून नुकता काढलेला. फिरायचंच बंद झालं.

सायकल खांद्यावर घेऊन मामांकडं निघालो. गल्लीतले एक आजोबा म्हणाले, "आलटून पालटून बसता वाटतं?"

मामा हसले नाहीत, तेच जास्त लागलं. "कुणी केलं हे?"

"कारखान्यातूनच जरा..."

"मशीन इतकं वाईट काम करत नाही. याला माणूस लागतो."

तेवढ्यात कामावरून परतणारी बायको समोर. तिनं चाक बघितलं, मग माझ्या खिशातून डोकावणारी पक्कड बघितली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "उद्या सातला मी खडकीला कशी पोचू?"

मी पक्कड खिशात आणखी खाली ढकलली.

"बसा ताई," मामा म्हणाले. त्यांनी सगळ्या तारा ढिल्या केल्या, तुटलेली बदलली आणि पुन्हा थोडा थोडा ताण देत चाक फिरवायला लागले. "दोन दोन तारा चिमटीत धरून बघा. सगळ्या सारख्या लागल्या पाहिजेत."

हिनं चिमटीत धरून तीन ढिल्या मामांच्या आधी सांगितल्या. "रोज चार घरची कणीक मळते," म्हणाली, "हाताला कळतं."

मीही हात घातला. "ही बघा मामा, हीसुद्धा ढिली!"

"ती हवा भरायची नळी आहे. तुम्ही तिकडं बसा."

तिकडं बसलो. मग मामांनी पुढचं चाक काढलं. त्याला मी शिवलोही नव्हतो, तरी तेही ढिलंच निघालं. मला इतका आनंद झाला, की मी टाळी वाजवली. दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी टाळी परत घेतली. दिवे लागायच्या आत दोन्ही चाकं सरळ फिरायला लागली.

सोमवारी ही सहाच्या आत निघाली. सीटवरचं प्लास्टिक मला न विचारता काढलेलं होतं. मी गाळ्यावर बसलो खरा, पण लिंबं मागितली त्यांना मिरच्या दिल्या. खडकीपर्यंतचा एकेक खड्डा मोजत होतो. सात वाजले, फोन नाही. सव्वासातला मीच केला.

"पोचलीस?"

"कधीच. डबे भरतेय."

"चाक?"

"काही झालं नाही त्याला. ऐका, वहिनींच्या मुलीची सायकल पण नवीच आहे, तिचंही चाक घासतंय. मी जाताना बघते म्हटलंय."

"मी येऊ का मदतीला?"

"नको," म्हणाली, आणि फोन ठेवला.