खिशातली कळी

संसदेतली चर्चा मी सहसा बघत नाही. त्या दिवशी बघितली, कारण विषय आमच्या खात्याचा होता: परदेशी नागरिक, पोलिसांचे अधिकार, आसरा कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही. एक सदस्य म्हणाले, एकही घुसखोर या भूमीवर राहू देणार नाही. बाकं वाजली. दुसरे म्हणाले, आश्रयाला आलेल्याला परत लोटणं आपल्याला शोभत नाही. तेव्हाही बाकं वाजली. मग जेवणाची सुट्टी झाली. मी टीव्हीकडे बघून काहीतरी मोठ्याने बोललो असणार, कारण स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तिथं ऐकू जात नाही हो तुमचं."

ऐकू जायला हवं होतं. घुसखोर वेगळा आणि आश्रयाला आलेला वेगळा, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. पण समोर ओल्या कपड्यांत उभा असलेला माणूस त्यांतला कुठला, हे ओळखायचं कसं, ते कुणी बोलेना. ते काम शेवटी कुठल्यातरी ठाण्यातल्या अधिकाऱ्याच्या गळ्यात पडतं. माझ्या गळ्यात ते एकदा पडलं होतं. नोकरी संपली, गणवेश कपाटात गेला, पण ते प्रकरण काही मला सोडत नाही.

तेव्हा मी रत्नागिरीजवळच्या एका सागरी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती आणि कुठलं लचांड मागे लागू नये एवढीच इच्छा होती. सागरी ठाण्यात माणूस मुळातच धास्तावलेला असतो. कोकणच्या किनाऱ्यावर पूर्वी स्फोटकं उतरवली गेली होती, ते आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. अनोळखी बोट दिसली की दुर्बीण हातात येते आणि ओळखीची बोट उशिरा आली तरी येते.

एका सकाळी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "त्या गावातल्या तांडेलाच्या बोटीवर एक नेपाळी हाय ना, तो नेपाळी नाय. बाहेरचा हाय. देशाचं काम म्हणून सांगतोय." खबर देणारा देशाचं नाव घेऊ लागला की मी समजतो, याचं कुणाशी तरी वाजलेलं आहे. पण म्हणून खबर खोटी ठरत नाही. आमच्याकडच्या बोटींवर नेपाळचे खलाशी पुष्कळ. आंब्याच्या बागा राखायलाही तेच. त्यांच्यात एखादा वेगळा माणूस मिसळला तर जेटीवरच्या गर्दीत कुणाच्या लक्षात येणार?

हवालदाराला घेऊन मी जेटीवर गेलो. बोट नुकतीच लागली होती. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, पन्नाशीचा, धिप्पाड माणूस. बोटही त्याचीच. मी खलाशांची ओळखपत्रं मागितली. सगळ्यांची निघाली, एकाचं निघालं नाही.

"समुद्रात पडलं, सायब," तांडेल म्हणाला. "जाळं वढताना."

"तक्रार दिलीत?"

"माशाकडं देऊ?"

बाकीचे हसले. तो एक हसला नाही. बारीक अंगाचा, तिशीतला, हात बर्फाने सोललेले. मी त्याला ठाण्यात आणलं.

चौकशीत तो चांगला टिकला. नेपाळातल्या गावाचं नाव, बापाचं नाव, जिल्हा, सगळं घडाघडा सांगितलं. खोटं बोलणारा माणूस बहुधा जास्त सांगतो. हा विचारलं तेवढंच सांगत होता. मी दुसऱ्या बोटीवरचा खरा नेपाळी खलाशी बोलावून समोर बसवला. तो दोन वाक्यं बोलला आणि माझ्याकडे बघून त्याने नकारार्थी मान हलवली. म्हणजे खबर खरी होती. नेपाळी नाही, तर मग कोण? कुणी पाठवला? मोबाईलमध्ये काय आहे? तांडेल यात किती आहे? वरिष्ठांचा फोन तोवर येऊन गेला होता: "काही पसरू देऊ नका. पण काही सुटूही देऊ नका." दोन्ही एकाच वेळी कसं करायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

तांडेलाला, त्याच्या बायकोला, बाकीच्या खलाशांना वेगवेगळं बसवून विचारलं. कुणी दमदाटीला बधेना. पण एक गोष्ट माझ्या कानाला लागली. शेवटी प्रत्येकजण एकाच वाक्यावर येऊन थांबत होता: "आमी काय सांगू, सायब? ते गावाचं हाय." पढवलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, पण ती सांगताना आपल्या चेहऱ्याकडे बघतात, पटली का म्हणून. हे लोक खाली बघत होते.

मग पंचांसमक्ष त्याची अंगझडती घेतली. बिडी नाही, चाकू नाही. मोबाईल, एक कंगवा, आणि शर्टाच्या आतल्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं काहीतरी. हवालदाराने पिशवी उघडली आणि पंचनाम्यात लिहायला लागला, "वाळलेलं फूल, एक."

मी त्याला थांबवलं. ते फूल नव्हतं, कळी होती. पिवळी पडलेली, आणि तिला तांदळाचे दोन दाणे चिकटलेले. मी राजापूरकडचा. आमच्या घरात देवापुढच्या डब्यात अशा कळ्या असायच्या. गावात एखादी मोठी गोष्ट ठरवायची असली की ग्रामदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळा गाव बघत बसतो. उजवी कळी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. ज्याच्यासाठी कौल लावला, ती पडलेली कळी त्याला देतात.

मी कळीकडे बघत राहिलो. बोटीवर खलाशी ठेवायला कुणी कौल लावत नाही. खलाशी पटला तर ठेवतात, नाही पटला तर दुसरा आणतात. या माणसासाठी अख्ख्या गावाने देवीला विचारलं होतं, याचा अर्थ त्याच्यात विचारण्यासारखं काहीतरी होतं आणि ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

मी कळी टेबलावर त्याच्यासमोर ठेवली. "ही तुला कुणी दिली?"

इतका वेळ टिकलेला तो माणूस तिथे मोडला. नेपाळीचं सोंग टाकून तो आमच्याकडच्या बोटींवरच्या मराठीत बोलला, "ह्ये टाकू नका, सायब. बाकी काय पण करा. मी नेपाळचा नाय."

तो ब्रह्मदेशातल्या डोंगराळ भागातला. शाळेत गणित शिकवायचा. लष्कराने सत्ता घेतली तेव्हा पुष्कळ मास्तरांनी शाळेत जायचं बंद केलं, त्यांतला हा एक. नाव शोधायच्या यादीत आलं. तो सापडला नाही म्हणून धाकट्या भावाला नेलं आणि काही दिवसांनी भावाचं प्रेत घरासमोर ठेवून गेले. हा रानातून सीमा ओलांडून आला. मजुरी करत मुंबई, तिथून खलाशी पुरवणाऱ्या माणसाबरोबर रत्नागिरी. बोटीवर एकदा सगळे जेवत असताना तांडेलाने सहज विचारलं, घरी कोण कोण आहे रे? त्याला खोटं बोलवेना. त्याने सगळं सांगून टाकलं.

मोबाईल तपासला. आईचे फोन, भावाचे फोटो, आणि भावाच्या प्रेताचा एक फोटो जो मी पुन्हा उघडला नाही. दुसरं काही नव्हतं. माझी एक भीती गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. देशाला या माणसापासून धोका नव्हता. त्याला मात्र माझ्यापासून होता. आपल्या कायद्यात परदेशी माणूस कागदांसह असतो किंवा कागदांविना. जीव वाचवायला आलेला, असा तिसरा रकाना नाही. मी गुन्हा नोंदवला की शिक्षा आणि शिक्षेनंतर पाठवणी. त्याचं नाव तिकडे अजून यादीत होतं.

त्याच संध्याकाळी जबाब घ्यायला गावात गेलो. देवळाच्या सभामंडपात गावकर बसले होते, गावाचे मुख्य मानकरी, वय झालेलं, पण आवाज खणखणीत. तांडेलाची बायको खांबाला टेकून उभी होती.

मी म्हणालो, "परका माणूस लपवणं हा गुन्हा आहे, माहीत होतं ना?"

"लपवला नाय, सायब," गावकर म्हणाले. "तांडेल त्येला घेऊन आला. आमी चारचौघात देवीला इचारलं, ह्येला ठेवू का? तिनं उजवं दिलं. लपवायचा असता तर इचारला कशाला असता?"

"आणि उद्या एखादा घातपाती असाच येऊन रडला असता तर? देवीला कळ्या लावून देशाचा किनारा राखायचा का?"

हा प्रश्न मी रागाने विचारला होता, पण तो खोटा नव्हता आणि आजही नाही. गाव फसू शकतं. मी स्वतः चांगल्या चेहऱ्याच्या माणसांकडून फसलो आहे.

उत्तर दिलं ते तांडेलाच्या बायकोने. "तुमी धरलात ना आता? तुमी तपासलात ना? काय गावलं?"

"काही नाही."

"मग आता त्येला मरायला धाडून तुमची नोकरी व्हनार काय?"

तांडेल तिला ओरडला. मला तिचा राग आला होता, आणि ती बरोबर बोलली याचा जास्त आला होता.

गावकर उठले. "सायब, तुमीबी इचारा. गुरवाला बोलावतो. तुमचा तुमी कौल लावा, धाडू की नको. आमी काय बोलनार नाय."

त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली तेवढी नोकरीत कधी वाटली नाही. गोळीबाराच्या वेळीही नाही. मी कोकणातला आहे. कौल लावला की तो पाळावा लागतो हे मला माहीत होतं. उजवी पडली असती तर नोकरीची शपथ मोडावी लागली असती. डावी पडली असती तर त्या माणसाला मी देवीच्या नावाने पाठवला असता.

"मी गणवेशात आहे," मी म्हणालो.

"मग टोपी काडून ठेवा."

मी टोपी काढली नाही. जबाब लिहून घेतले आणि निघालो.

गुन्हा नोंदवला. चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केलं. तांडेलाला आणि गावकरांना आरोपी न करता साक्षीदार केलं. ते माझ्या हातात होतं. आणि मास्तरच्या जबाबात मी त्याच्या भावाची सगळी हकीकत लिहिली, परत पाठवलं तर काय होईल असं त्याला वाटतं तेही, त्याच्याच शब्दांत. वरिष्ठ वाचून म्हणाले, "हे कशाला? गुन्ह्याशी काय संबंध?"

"त्याने सांगितलं, सर. मी लिहिलं."

"अर्धं काढता येईल."

"सही झाली आहे त्याची."

त्यांनी जबाब मिटून माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "तुम्ही निवृत्त होताय म्हणून चाललंय तुमचं." खरं होतं ते.

कोठडीतून न्यायालयात नेताना आमची गाडी रत्नागिरीतल्या त्या राजवाड्यावरून गेली, जिथे इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला आणून ठेवलं होतं. मास्तर जाळीतून बघत म्हणाला, "शाळेत शिकवतात आमाला. तो परत नाय आला."

त्याने गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. सुटल्यावर त्याला परदेशी नागरिकांच्या केंद्रात ठेवलं. एका वकीलबाईंनी उच्च न्यायालयात अर्ज केला आणि त्याच्या जबाबातला तोच भाग वाचून दाखवला. निकाल होईपर्यंत पाठवू नये, असा आदेश झाला. निकाल अजून व्हायचा आहे. तारीख पडली की वकीलबाई मला कळवतात आणि त्या दिवशी मला जेवण जात नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नव्या भरतीतली मुलं विचारतात. मी त्यांना सांगतो, कायदा पाळा, मीही पाळला. पण कोण, कुठला, कागद कुठे, एवढं विचारून पेन बंद करू नका. परत गेला तर काय होईल, हेही विचारा आणि उत्तर येईल तसं लिहा. ते वाचणारा कुणीतरी पुढे भेटेल याची खात्री नसते. तरी लिहा. त्या गावाने तो प्रश्न आमच्या आधी विचारला होता, आणि बाकं वाजवणाऱ्यांपैकी एकानेही त्या दिवशी विचारला नाही.

चर्चा बघितली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी त्या गावात गेलो. साधा शर्ट, पायातल्या चपला बाहेर. गावकर आता फार थकले आहेत. मला बघून म्हणाले, "या, सायब. आज टोपी नाय."

"कौल लावायचाय," मी म्हणालो.

गुरव आला. तांडेल आला, त्याची बायको आली, आणखी माणसं जमली. गुरवाने कळ्या चिकटवल्या. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं: "आई, तू ठेवून घेतलेलं मानूस परक्या दारात अडकलंय. ज्यानं त्येला नेलं तोच आज इचारतोय. तो माघारी गावात येनार असंल तर उजवं दे." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणालो.

कळी पडली नाही. उजवीही नाही, डावीही नाही. दोन्ही पाषाणाला चिकटून राहिल्या. बऱ्याच वेळाने मी गावकरांकडे बघितलं.

"थांबायचं," ते म्हणाले. "कौल पडंपरेन कुनी उठत नाय."

तांडेलाच्या बायकोने थोडं सरकून मला बसायला जागा केली. मी बसलो. नजर कळ्यांवर ठेवून आम्ही सगळे तसेच बसून राहिलो.