मुंगी न लागणारी बर्फी

इंजिनाची शिटी ऐकू आली की काकूंचा हात थांबायचा. कढईत झारा असो, पाट्यावर वरवंटा असो, की माझ्या मुलीच्या केसांत तेलाची बोटं असोत, हात आहे तिथंच थांबायचा. मान जरा तिरपी व्हायची. "नाही. आमचे नाही हे," म्हणायच्या आणि हात पुन्हा सुरू. कधी मात्र "आले वं" म्हणून मोठा श्वास सोडायच्या. तेव्हा कळायचं, इतका वेळ तो त्यांनी धरून ठेवला होता.

सत्तरनंतरची ती वर्षं. नागपुरात अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत त्यांची आणि आमची भिंत एक होती. माझे यजमान रेल्वेतच कारकून. मी यवतमाळहून नव्यानं संसार थाटायला आलेली. शेजारचे काका वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते, पॅसेंजर घेऊन इटारसीकडे जायचे. प्रत्येक ड्रायव्हर शिटी आपल्या ढंगानं वाजवतो, हे मला काकूंनीच सांगितलं. मला मेलीला सगळ्या शिट्या सारख्याच वाटायच्या.

काकू इतवारीतल्या एका हलवायाची मुलगी. बुटक्या, गोल, हातांवर कोपरापर्यंत तेला-पाकाच्या चटक्यांचे जुने डाग. वडिलांच्या दुकानामागच्या भट्टीपाशीच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. साखर, तूप, खवा यांपलीकडे स्वयंपाकात काही असतं, यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. वरणभात त्या उरकायच्या. गोड मात्र करायच्या. कोणी खात असलं की समोर बसून, हनुवटीखाली हात धरून विचारायच्या, "पोटाचं सोड, मन भरलं का?" हे वडिलांचं वाक्य. दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हेच विचारत.

काकाही तसेच गोडखाऊ. धिप्पाड, मिशीत कायम कोळशाची पूड. मला ते सूनबाई म्हणायचे. चारचौघांत सांगायचे, "पाहाले गेलो तं मी पोरगी पाहिलीच नाही. ताटलीतली बर्फीच पाहिली." काकू लटक्या रागानं आत निघून जायच्या आणि आतून आणखी दोन वड्या घेऊन यायच्या.

एक दिवस दुपारी त्या मागच्या दारानं माझ्याकडे आल्या. दार लावून घेतलं. म्हणाल्या, "बाई, कोणाले सांगू नको. यायले शुगर निघाली."

काकांना काही महिन्यांपासून सारखी तहान लागत होती. तांब्यामागून तांब्या पाणी. पायांना मुंग्या. रेल्वेच्या दवाखान्यात न जाता ते सीताबर्डीवर एका खासगी डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वजन उतरवायला सांगितलं आणि साखर, गूळ, भात, बटाटा सगळं बंद केलं. खासगी डॉक्टर कशासाठी, हे सांगायची गरज नव्हती. रेल्वेला कळलं तर इंजिनावरून खाली उतरवतील. इंजिन नसलेले काका ही कल्पना आमच्या ओळीत कोणालाच करता आली नसती.

"आता मी करू काय?" काकू म्हणाल्या. "मले तं साखरेबिगर काही येतच नाही."

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात ते त्यांच्या स्वयंपाकघरातल्या वासांनी. काकांना जेवणानंतर गोड लागायचंच. नाही मिळालं तर ते गप्प होत, उठून ओट्यापाशी डबे उघडून बघत. डब्यांतलं गोड काढून काकूंनी आमच्याकडे आणून ठेवलं होतं. मग त्यांनी नव्यानं शिकायला घेतलं, आणि चव बघायला मला बसवलं.

पहिली दुधी भोपळ्याची खीर. दूध तापवून, निववून, साय काढायची. पुन्हा तापवून पुन्हा काढायची. साय काढताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू कोणाच्या अंगावरचा दागिना उतरवताहेत. खिरीत साखरेऐवजी सॅकरिनची गोळी टाकली ती उकळताना. खीर कडूजहर. दोघी मोरीकडे धावलो. तेव्हा कळलं की गोळी भांडं खाली उतरवल्यावरच घालायची.

मग शेगडीच्या निखाऱ्यांवर भाजलेले जाम. आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. वर दालचिनीची पूड आणि चिमूटभर मीठ. ते चांगले लागले. मग फडक्यात बांधलेल्या दह्याचा चक्का आणि त्यात सोललेल्या संत्र्याच्या पाकळ्या. तो तर मी आजही करते. पण काकूंचा जीव अडकला होता बर्फीत. कोहळा किसून, पिळून, त्याच्याच पाण्यात शिजवायचा, संत्र्याचा गर घालायचा, सालीचा बारीक कीस घालायचा. वास असा सुटायचा की आमच्या घरात सगळे ओळीनं मान वर करायचे. पण पाकच नाही तर वडी पडणार कशी? ताटात थापलेला तो केशरी चिखल सकाळपर्यंत चिखलच राहायचा. शेवटी किराणा दुकानात जेली घट्ट करणारा चायना ग्रास मिळाला आणि त्यानं ती जमली. थरथरणारी का होईना, वडी पडली.

मी खाल्ली. काकू समोर हनुवटीखाली हात धरून.

"मन भरलं का?"

"थोडं राहिलं," मी खरं ते सांगितलं.

"माहं बी थोडं राहिलं," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतःही साखर सोडली होती. चहातलीसुद्धा. "यायच्या समोर बसून मी कशी खाऊ?"

काका मात्र दोन वड्या खायचे, मिशी पुसायचे आणि म्हणायचे, "फस्क्लास!" एवढंच ऐकायला काकू सकाळपासून कोहळा किसत असायच्या. पण वजन काही उतरेना. तहानही जाईना. काकू रोज त्यांच्याकडे चोरून बघायच्या, ते किती वेळा पाणी पितात, पायरी चढताना भिंत धरतात का.

एका सकाळी त्यांनी मला भिंतीपलीकडून हाक मारली. काका पहाटेच ड्यूटीवरून आले होते आणि आता आंघोळीला गेले होते. दाराशी त्यांची ड्यूटीची पत्र्याची पेटी होती आणि तिच्याकडे मुंग्यांची रांग लागली होती. काकूंनी पेटी उघडली. हातरुमाल, कंदील, आणि खाली पानांचा चिकट पुडा. पेढ्यांचा.

काकू खाली बसल्या. ओट्यावर त्यांच्या बर्फीचं ताट उघडंच होतं. त्याकडे बघून म्हणाल्या, "पाह्य वं. रातभर उघडी आहे. माह्या बर्फीले मुंगीबी शिवली नाही."

मला हसू आलं, आणि मी ताटावर झाकण ठेवलं.

काका बाहेर आले तेव्हा मी निघायला हवं होतं, पण काकूंनी माझा हात धरून ठेवला होता. काकांनी पुडा पाहिला. चिडले नाहीत. "रातभर इंजिनाच्या भट्टीसमोर भाजून राहिलो मी," म्हणाले, "दोन पेढ्यांनं काय होते?"

"मंग माह्या बर्फीले फस्क्लास काहून म्हणता?"

"तू इतकी मेहनत करतं. काय म्हणू?"

त्यानंतर भांडण झालं नाही, आणि तेच वाईट होतं. काकू शिट्या ऐकायच्या, पण आता "आले वं" म्हटल्यावरही त्यांचा श्वास सुटत नसे.

तुमच्याही शेजारात एखादं घर असेल, जिथं सगळं सुरळीत दिसतं आणि तरी दारावरून जाताना पाय हळू पडतात. त्यांचं घर तसं झालं होतं.

मग ती संध्याकाळ. ऊन उतरलं होतं. काका दारापुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, काकू गहू निवडत होत्या आणि मी पायरीवर. समोर मैदानाच्या कडेला दोरीवर माझी हिरवी साडी वाळत होती. काका त्या दिशेला बघून म्हणाले, "सूनबाई कवाची उभी आहे तिथं एकटी. बोलाव ना तिले."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

काकूंच्या हातातले गहू सुपात पडले. त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. मग अगदी साध्या आवाजात काकांना विचारलं, "आज कितीची ड्यूटी आहे जी?"

"उद्या पहाटं. काहून?"

"काही नाही. डबा भरा लागते न."

रात्री त्यांच्या घरात दिवा होता की नाही, मला माहीत नाही. सकाळी त्या माझ्या दारात होत्या, धुतलेलं लुगडं नेसून, कपाळाला कुंकू. काका पहाटेच गाडी घेऊन गेले होते. "चाल माह्यासंगं," म्हणाल्या. "रेल्वेच्या दवाखान्यात."

वाटेत त्या भरभर पुढं चालत होत्या. मीच म्हणाले, "काकू, काकांना विचारून..."

"त्यायले विचारलं तं ते नाही म्हणतीन. अन् मंग मी नाही जाऊ शकणार."

डॉक्टर तरुण होते. काकूंनी उभ्यानंच सांगितलं: शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, पेढे खातात आणि साडीला माणूस समजतात. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "बाई, तुम्ही हे सांगितलं तर मला त्यांना तपासायला बोलवावं लागेल. पुढं काय होईल, कळतंय ना तुम्हाला?"

काकूंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. "साहेब, ते माह्या एकटीचे असते तं मी आली नसती. त्यायच्या मागं डबे असतात. डब्यात लेकरं झोपलेली असतात."

बाहेर आल्यावर त्या नळापाशी गेल्या आणि तोंडावर पाणी मारत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "आता गाडी सुखरूप येऊ दे फक्त."

आली. काकू त्या दिवशी दारातच उभ्या होत्या. काकांनी पेटी खाली ठेवायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "मी दवाखान्यात जाऊन आली. सगळं सांगतलं." दुसऱ्या कोणाकडून कळायला नको, म्हणून. भिंतीपलीकडे मी ऐकत होते. काका ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पलीकडून फक्त पेटी सरकवल्याचा आवाज आला.

तपासणी झाली. काकांना इंजिनावरून उतरवलं आणि शेडमध्ये बसून करायचं काम दिलं. ज्या माणसाला पाहून फलाटावरचे हमाल सलाम करायचे, तो आता डबा घेऊन सकाळी सायकलवर जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. आमच्या ओळीतल्या बायकांनी काकूंशी बोलणं कमी केलं. "नवऱ्याच्या पोटावर पाय दिला," असं त्यांच्या कानावर पडेल इतपत मोठ्यानं म्हटलं गेलं.

काका जेवायचे, उठायचे. गोडाची ताटली तशीच परत जायची. काकू रोज ती भरायच्या आणि रोज उचलायच्या. ते त्यांच्याशी बोलत नव्हते. "मीठ," "पाणी," एवढंच, तेही भिंतीकडे बघून. पावसाळा गेला, दिवाळी गेली, संत्र्यांचा बहार आला. ताटलीतली बर्फी आमच्याकडे यायची. माझी मुलगी ती आनंदानं खायची आणि काकू तिलाही विचारायच्या नाहीत आता, मन भरलं का.

थंडीत काकूंना ताप आला. उतरेना. मी पेज करून द्यायची, कपाळावर पट्ट्या ठेवायची. त्या काही खायलाच तयार नव्हत्या. एका दुपारी आमच्या मागच्या दारात काका उभे. हातात किसणी, बोटाला कापलेलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "कोहळा पिळून घेते का ती, का तसाच टाकते?"

मी करून देते म्हटलं तर ऐकेनात. मी सांगत गेले, ते जाऊन करत गेले, पुन्हा विचारायला आले. वडी पडायची वाटही त्यांनी पाहिली नाही. वाटीत गरम गरमच घेऊन काकूंच्या अंथरुणापाशी बसले. तोवर मी उशाशी जाऊन बसले होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, वाटी घेतली आणि चमच्या चमच्यानं सगळी संपवली.

तळाचं चाटण काकांनी बोटानं तोंडात घातलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अवं, हे तं कडू जहर आहे! गोळी म्या उकळतानाच टाकली वाटते. काहून खाल्लं तू सगळं?"

काकू अशक्त आवाजात म्हणाल्या, "तुमी सालभर माहं खाल्लं. बोलले का मले?"

काका गडगडाटानं हसले. किती महिन्यांनी तो आवाज भिंतीतून आमच्या घरात शिरला, आणि आमच्याकडे स्वयंपाकघरात कोणाचं तरी भांडं हातातून पडलं.

त्यानंतर काका बर्फी खाऊ लागले, आणि आवडली नाही तर तसं सांगू लागले. भांडणं व्हायला लागली. वेलची जास्त, संत्रं आंबट. काकू त्यावर खूश असायच्या. काकांचं वजन उतरलं, नजरही बरीचशी सावरली, पण इंजिन परत मिळालं नाही. ते निवृत्त झाल्यावर दोघं नरखेडकडे काकांच्या गावी, भावाच्या संत्र्याच्या बागेत राहायला गेली. पलीकडे नवं बिऱ्हाड आलं.

काकू गेल्याचं मला काकांनीच येऊन सांगितलं. एकटे आले होते, एसटीनं. पायरीवरच बसले. हृदयाचं काही निघालं होतं म्हणे. नागपूरच्याच एका दवाखान्यात ठेवलं होतं, आणि आम्हाला कळवायला सवड झाली नाही.

"त्या रेल्वे दवाखान्याच्या गोष्टीवर आमी कधी बोललो नाही, सूनबाई," ते म्हणाले. "ना ती, ना मी." मी बिनसाखरेचा चहा आणून ठेवला.

थोड्या वेळानं ते आपणहूनच सांगू लागले. शेवटी शेवटी तिला काही गिळवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता जे मागेल ते द्या. तिनं इतवारीतली बर्फी मागितली, बापाच्या दुकानातली, खरी. दुकान आता तिचा भाऊ चालवतो. काका स्वतः जाऊन घेऊन आले. तिनं इवलासा तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ तशीच पडून राहिली. काकांना वाटलं, संपलं. त्यांनी वाकून विचारलं, "कशी आहे?"

डोळे न उघडताच ती म्हणाली, "भावाले सांगा, खवा बुडाले लागला."

सांगता सांगता काकांना हसू फुटलं. हसत हसतच त्यांनी उपरण्याचं टोक डोळ्यांवर दाबलं, आणि बराच वेळ काढलं नाही.