डॉक्टरांच्या पलंगाची नवार

काशीराम घाडींना आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि तो त्यांना शोभूनही दिसायचा. त्यांच्या हातची नवार सैल पडत नसे. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी घाटकोपर ते मुलुंड घरोघर फिरून पलंगांची नवार, म्हणजे विणलेल्या सुती पट्ट्या, ओढून द्यायचं काम धरलं, आणि चांगली मिसरूड फुटलेले काशीरामही त्यांच्याबरोबर फिरले. पुढे लोकांनी प्लायवूडचे पलंग घेतले, गाद्या जाड झाल्या, आणि हे कसब कुणालाच लागेनासं झालं. माणसाच्या हातात विद्या असावी आणि ती दाखवायला जागा नसावी, यासारखा जाच नाही.

गेली चौदा वर्षं ते मुलुंडच्या एका बैठ्या बंगल्याची राखण करत होते. तीन टॉवरांच्या मध्ये अंग चोरून उभा असलेला हा बंगला डॉक्टर शरच्चंद्र खोपकरांचा. अर्धांगवायू झाल्यावर डॉक्टर अकरा वर्षं एका पलंगावर पडून होते, पण पेशंट तपासायचे थांबले नाहीत. पेशंट उशाशी स्टुलावर बसायचा, डॉक्टर डाव्या हाताने नाडी बघायचे, आणि औषधाची चिठ्ठी मुलगी कुंदा लिहायची. आता ट्रस्टने बंगल्याचं स्मारक केलंय, तो पलंग दोरीच्या आत आहे, बाजूला पाटी आहे, आणि शाळेची मुलं रांगेने येऊन तो बघतात आणि बाहेर जाऊन वेफर्स खातात.

कुंदाताई आता पंचाहत्तरीच्या. लग्न केलं नाही, बोरिवलीला भाच्याकडे राहतात. दर वर्षी डॉक्टरांच्या पुण्यतिथीला अकरा वाजता येतात, सगळ्यांना बाहेर पाठवतात, दोरी उचलून आत जातात आणि त्या स्टुलावर बसतात. पलंगाच्या डाव्या अंगाला नवार चांगली वीतभर खचली होती. तिथे हात ठेवून त्या दहा मिनिटं बसायच्या. गेल्या वर्षी उठताना म्हणाल्या ते खिडकीबाहेरच्या काशीरामांनी ऐकलं, "किती खोल गेलंय हे!"

झालं. काशीरामांच्या ते जिव्हारी लागलं. आपण राखणदार असताना डॉक्टरांचा पलंग असा झोळीसारखा लोंबतो आणि त्यांच्या मुलीला ते बोलून दाखवावं लागतं! वर्षभर ते वाक्य त्यांच्या कानात राहिलं. या पुण्यतिथीला सकाळी आठ वाजता त्यांनी बाह्या वर केल्या, पट्टी पट्टी ओढत आणली, आणि पलंग असा ताणला की वर नाणं टाकलं तर उडावं. मग चार पावलं मागे जाऊन त्यांनी तो बघितला. वडील असते तर काही बोलले नसते, नुसती मान हलवली असती.

नऊ वाजता ऋता आली. ट्रस्टच्या वस्तूंची नोंद ठेवणारी, शिकलेली, भली पोरगी. दारातच थबकली.

"काका, हे काय केलंत?"

"ओढून घेतली. बघ ना, कशी झकास!"

तिने फाइल काढून दाखवली. पलंगाचा फोटो, आणि त्या खळग्याभोवती लाल वर्तुळ. डॉक्टरांच्या शरीराने अकरा वर्षांत पाडलेला खळगा, हात लावू नये, असं खाली लिहिलं होतं. फाइल इंग्रजीत होती. चौदा वर्षांत ती काशीरामांना कुणी वाचून दाखवली नव्हती.

"ताई दर वर्षी त्यातच हात ठेवतात, काका. वडिलांचं तेवढंच राहिलं होतं."

"मेल्या, काय केलंस ह्या," काशीराम स्वतःलाच म्हणाले. ज्या हातांचा एवढा तोरा, ते तोडून टाकावेसे वाटले.

ऋताला त्यांची दया आली. "अजून दोन तास आहेत. सैल करू या. वर तांदळाचं पोतं ठेवू, खळगा पडेल. कोणाला कळणार नाही."

काशीरामांनी एक पट्टी सोडलीसुद्धा. मग हात थांबला. पोत्याच्या खळग्यात ती म्हातारी बाई हात ठेवून बसणार, आणि आपण खिडकीतून बघणार? त्यांनी पट्टी पुन्हा आवळली. "नको. मीच सांगतो. नोकरी गेली तर गेली."

अकराला कुंदाताई आल्या. काशीरामांनी फाटकातच हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. ताई सरळ आत गेल्या, स्टुलावर बसल्या, ताठ नवारीवर तळहात ठेवला. काशीराम दाराशी उभे, मान खाली.

"ताई, मला काय बोलायचं ते बोला. डॉक्टरांची खूण पुसली मी."

"त्यांची कसली खूण," कुंदाताई म्हणाल्या. "मी दर रविवारी ही नवार ओढायचे. पाठीला जखम होऊ नये म्हणून. अकरा वर्षं ओढली. शेवटचा महिना नाही ओढली. कंटाळले होते हो. बाबा म्हणायचे, कुंदा, पाठ बुडतेय गं. मी म्हणायचे, उद्या ओढते."

बराच वेळ त्यांचा हात त्या सपाट पट्ट्यांवरून फिरत राहिला.

"गेले तेव्हा पाठ सगळी चिघळली होती. तो खळगा त्या महिन्याचा. तो बघायला यायचे मी."

ताईंनी वर पाहिलं.

"किती वेळ लागला तुम्हाला?"

आज खोटं बोलायचंच नाही असं ठरवलेला तो माणूस. "अर्धा तास, ताई."

"अर्धा तास," कुंदाताई म्हणाल्या. हात उचलून त्यांनी मांडीवर ठेवला. "अर्धाच तास?"

अख्खा दिवस लागला असं सांगायला हवं होतं, हे काशीरामांना कळलं, पण तोवर बोलून झालं होतं.